रेडिओवरचा अबोला

टेकडीचा कॅम्प, मारा
९ जुलै १९९६

तीर्थरूप किमेउदादांस,
धाकट्या मुथिनीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची सवय आहे म्हणून लिहितो, पण ठीक काही नाही. तेरा दिवस झाले, रेडिओवर माझ्याशी कुणी बोलत नाही. सकाळी सहाला पाहुण्यांना घेऊन सफारीची गाडी काढतो, माइक हातात घेतो, टेकडी-चार बोलतोय, कुणाला काही दिसलं का, असं विचारतो आणि सगळीकडे चिडीचूप. ऐकतात सगळेच. मी माइक ठेवला की त्यांचं आपसात सुरू होतं, तेही जागेचं नाव न घेता. इतक्या मोठ्या रानात एकट्या ड्रायव्हरला काय दिसणार, दादा? बिबट्या एकाला दिसतो आणि तो बाकीच्यांना सांगतो, यावरच तर आपला धंदा चालतो.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. ती चित्तीण शिकार करताना पाहुण्यांना जवळून फोटोत टिपायची होती, म्हणून आपण अकरा गाड्या रस्ता सोडून गवतात घातल्या आणि गवतात तिचं पिल्लू होतं. कुणाच्या चाकाखाली गेलं ते मी पाहिलं नाही. नंतर ते पिल्लू मात्र पाहिलं. आई दोन दिवस तिथेच हाका मारत फिरत होती. माझ्याच्याने गप्प बसवेना. अभयारण्याचे वॉर्डन सांकालेंकडे जाऊन मी अकराही गाड्यांचे नंबर दिले. पहिला माझा दिला. चौथा तुमचा होता. तो गाळावा असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण मग बाकीचे नंबर कुठल्या तोंडानं देणार होतो? सगळ्यांना आठवड्याची गेटबंदी झाली, मलाही झाली. परत आल्यापासून हा अबोला आहे.

पाच ऑगस्टला सहा बेल्जियन येतायत. आठ दिवस, फक्त फोटो काढायला. आमच्या मॅनेजरबाईंनी स्पष्ट सांगितलंय की माझ्या गाडीतले पाहुणे रोज तोंड पाडून परततात, आणि हे सहाही तसेच परतले तर किल्ली टेबलावर ठेवून घरी जायचं. दादा, मला दुसरं काही येत नाही, आणि हे येतं ते तुम्हीच शिकवलेलं आहे. तुम्ही इथले बावीस वर्षांचे जुने. तुमचा एक शब्द गेला तर सगळे बोलतील.

रागावला असाल तर रागवा, पण माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
मुथिनी


नदीचा कॅम्प, मारा
१८ जुलै १९९६

चि. मुथिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र ट्रकवाल्यानं तेलाच्या डब्याखाली ठेवून आणलं, त्यामुळे अर्धं वाचलं आणि अर्धं हुंगलं. तू लहानपणापासूनच रडका. बाबा गेले त्या वर्षी मी तुला खांद्यावर घेऊन शाळेत सोडायचो, तेव्हाही कुणी नुसतं डोळे वटारले तरी माझ्या मानेवर तुझं नाक गळायचं. आता तिशी आली, तरी मानेला दादाच हवा.

मी कुणाला काही सांगितलेलं नाही. पोरं आपली आपण रुसलीत. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. आठवडाभर घरी बसायला कुणाला आवडतं? माझं म्हणशील तर बावीस वर्षांत मला गेटवर कुणी अडवलं नव्हतं. त्या दिवशी कालपरवा मिसरूड फुटलेल्या शिपायानं माझ्या गाडीपुढे दांडा आडवा केला आणि खाली उतर म्हणाला. मागे माझे पाहुणे बसले होते. त्यातल्या एका म्हातारीनं त्याचाही फोटो काढला. असो, माझं सोड.

यावर उपाय आहे. सांकालेंकडे परत जा आणि सांग की माझं चुकलं, पिल्लू तरसानं मारलं, गाडीनं नाही. तेवढं त्यांच्या वहीत लिहिलं गेलं की पोरांचा राग उतरेल, मग मी आहेच. दोन वाक्यं बोलायला तुला जड जाऊ नये. अकरा नंबर तर घडाघडा म्हटलेस.

आईला गुडघ्याचं तेल पाठवलंय. प्रकृतीला जप, मक्याची उगाली पोटभर खात जा. लोभ कमी झाला असं मनात आणू नकोस.

तुझा दादा,
किमेउ


टेकडीचा कॅम्प, मारा
२९ जुलै १९९६

तीर्थरूप दादांस,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. वॉर्डनसाहेब जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं, वही काढली आणि मी म्हणालो ते लिहून घेतलं. मग त्यांनी एकच विचारलं, की तू तेव्हा खोटं बोललास की आज बोलतोयस? मी म्हटलं, तेव्हा. ते म्हणाले की महिनाभरापूर्वी तुला वनरक्षक म्हणून घ्यावं असं माझ्या मनात होतं, बरं झालं विचारलं नाही. मला त्यांनी बसायलाही सांगितलं नाही. हे तुम्हाला दोष म्हणून लिहीत नाही, घडलं ते कळवतो.

बेल्जियन येत्या सोमवारी उतरतील. त्यांचं सामान आधीच आलंय, एकेकाची लेन्स बोकडाएवढी आहे. आता माझी सगळी भिस्त तुमच्यावर. सोमवारी सकाळी रेडिओवर तुमचा आवाज ऐकू आला तर मी जन्मभर विसरणार नाही.

कृपा असू द्यावी.

मुथिनी


नदीचा कॅम्प, मारा
१५ ऑगस्ट १९९६

चि. कवातास,
अनेक आशीर्वाद.

माचाकोसहून तुझं पत्र आलं. आईची तब्येत बरी आहे हे वाचून बरं वाटलं. मुथिनीनं तुला सगळं लिहिलेलंच दिसतंय, आणि तू विचारतेस की दादा, तुम्ही त्याच्यासाठी बोललात का. बोललो, बाई. आठही दिवस बोललो.

सोमवारी सकाळी मी स्वतः माइक घेतला. म्हटलं, टेकडी-चार, मुथिनी, दादा बोलतोय. पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला आणि मग 'बोला दादा', असं काही म्हणाला की हसू आवरेना. मी सांगितलं, दक्षिणेच्या नाल्यापाशी मोठ्या अंजिरावर बिबट्या आहे, शिकार घेऊन बसलाय, लवकर ये. तीस किलोमीटर खड्ड्यांतून बेल्जियनांना घुसळत गेला. झाडावर कुणाचं तरी फाटकं कांबळं लटकत होतं. मी म्हटलं, अरेरे, आत्ताच उतरला असेल. दुसऱ्या दिवशी गेंडा, तिसऱ्या दिवशी सिंहिणीची पिल्लं. पाळीपाळीनं सगळ्यांनी हाका दिल्या आणि सगळे कान लावून ऐकत. सहाव्या दिवशी खरंच बिबट्या सापडला, भर उजेडात, हरीण घेऊन. आमच्या चौदा गाड्या तिथे होत्या. मुथिनी एका टेकाडापलीकडे होता, त्याच्या गाडीची धूळ दिसत होती. मी त्याला म्हटलं, मुथिनी, दक्षिणेला जा. गेला.

बेल्जियन परवा गेले. त्याच्या मॅनेजरबाईंकडे लेखी तक्रार ठेवून गेले म्हणतात. कवाता, मला दुष्ट म्हणू नकोस. बापासारखं वाढवलं त्याला, आणि त्यानं माझा नंबर सरकारी वहीत लिहिला. आता धडा पुरे झाला. सोमवारपासून सगळे त्याच्याशी नीट बोलतील, मी तसं सांगितलंय.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. आहे तो लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा दादा,
किमेउ


कथियानी, माचाकोस
१९ सप्टेंबर १९९६

तीर्थरूप दादांस,
नमस्कार.

घरी येऊन महिना झाला. तुमचा सोमवार उजाडायच्या आतच किल्ली टेबलावर ठेवावी लागली. ताईला आलेलं तुमचं पत्र तिनं तांदळाच्या डब्यात दडवलं होतं, तरी सापडलं. छान लिहिलंय. कांबळ्याचा भाग वाचून मलाही हसू आलं.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. सगळं खोटं आहे हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. दक्षिणेच्या नाल्यात अंजिराच्या फांद्या ठिसूळ आहेत, त्यांवर बिबट्या शिकार चढवत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. तरी गेलो. महिनाभरानंतर कुणीतरी माझं नाव घेतलं होतं, आणि ते तुम्ही घेतलं होतंत. वाटायचं, आज खोटं बोलले, उद्या पोट भरेल, परवा खरं सांगतील. सहाव्या दिवशी टेकाडापलीकडे चौदा गाड्यांची धूळ मलाही दिसत होती. पाहुण्यांपैकी एकानं बोट दाखवून विचारलंही, की तिकडे काय आहे? मी म्हटलं, काही नाही. माझे दादा दक्षिणेला जा म्हणालेत.

त्याचं असं झालंय की हल्ली कुणी हाक मारली तर मी लगेच उठत नाही. गेल्या रविवारी मी घरामागे पडलो होतो. आईनं दोनदा हाक मारली. मी उठलो नाही. बऱ्याच वेळानं गेलो तर ती पाण्याच्या टाकीपाशी पडलेली, कंबरेचं हाड मोडलेलं. आता ताप छातीत उतरलाय. डॉक्टरांनी आशा सोडली आहे. ती तुमचं नाव घेते.

लवकर या, दादा. खरं वाटलं तर या.

मुथिनी


नदीचा कॅम्प, मारा
२८ सप्टेंबर १९९६

चि. मुथिनीस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. जमलंय, पण पुरतं नाही. अरे, लवकर ये म्हणून लोकांना तीस किलोमीटर पळवायचं हे मी तुझ्या आधी शिकलोय. गुडघ्याच्या तेलानं बरं वाटतंय असं आईनं ऑगस्टात ताईकडून लिहवून घेतलं होतं, आणि महिन्यात लगेच ती मरायला टेकली होय? वर शेवटी 'खरं वाटलं तर या' असं लिहून मोकळा झालास. मी भर हंगामात रजा टाकून, बस बदलत धावत यायचं, आणि आई दारात शेंगा सोलत बसलेली. तू आणि कवाता पोट धरून हसणार.

कालही नैरोबीच्या ऑफिसातून रेडिओवर निरोप आला, किमेउ यांनी तातडीनं घरी जावं, आई अत्यवस्थ. त्या ऑफिसातल्या मुलीलाही तू पटवलंस, मानलं तुला. मी तिला सांगितलं, माझ्या भावाला म्हणावं, दक्षिणेला जा. सगळे ड्रायव्हर हसले.

फिटंफाट झाली असं समज. नाताळात येईन तेव्हा बोकड कापू आणि तुझ्या नोकरीचंही बघू. राग धरू नकोस, पूर्वीसारखा लोभ राहू दे.

तुझा दादा,
किमेउ


कथियानी, माचाकोस
८ ऑक्टोबर १९९६

किमेउदादांस,
कवाताचा नमस्कार.

तुमचं पत्र काल आलं. आईला शुक्रवारी माती दिली. थोरला मुलगा येईल म्हणून चार दिवस ठेवलं होतं, मग पाद्रीबाबा म्हणाले की आता ठेवता येणार नाही.

ऑफिसात निरोप मुथिनीनं दिला नव्हता. तो मी दिला. माचाकोसला चालत गेले, फोनसाठी दोन तास रांगेत उभी राहिले, आणि त्या मुलीला लिहून घेतलेला निरोप परत वाचून दाखवायला लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला तेव्हा तिनं तुमचं उत्तरही जसंच्या तसं कळवलं. दक्षिणेला जा म्हणजे काय, असं बिचारी मला विचारत होती.

त्याआधी तुम्हाला पत्र लिहायलाही मीच बसले होते. मुथिनी म्हणाला, तू नको, मी लिहितो. मी म्हटलं, तुझ्यावर ते विश्वास ठेवणार नाहीत. तो म्हणाला, माहीत आहे. तेव्हाच मी त्याच्या हातातून कागद काढून घ्यायला हवा होता. काढून घेतला नाही. तुम्हा दोघांमध्ये कोण जास्त वाईट, हे ठरवत बसायला मला आता त्राण नाही.

आई शेवटपर्यंत शुद्धीवर होती. किमेउला कळवलं का, असं तासातासाला विचारायची. कळवलं म्हटलं की विचारायची, मग तो काय म्हणाला? मला रडू फुटायचं, म्हणून मी बाहेर जायची. मुथिनी तिच्या उशाशी बसून तिला सांगायचा, दादाला ऐकू येतंय, आई. तो उत्तर देत नाही, एवढंच.

तुमच्या लोभाची आता या घरात वाट कुणी पाहत नाही.

कवाता