बांधावरून सांगितलेला आकडा

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज मला तुमच्याशी भांडायचंय.

माझं काम तुम्हाला कधी सांगताच आलं नाही. फार लांबच्या दीर्घिकांमध्ये सगळ्या ताऱ्यांचं मिळून वस्तुमान किती, याचा मी अंदाज करते. तरुण निळे तारे डोळे दिपवतात, पण खरं वजन असतं जुन्या, मंद, तांबूस ताऱ्यांत. म्हणून डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त उजेडात पाहायचं. तिथेही सुख नाही. तारे किती जुने धरले, यावर उत्तर दुप्पट नाहीतर निम्मं होतं. म्हणून प्रबंधात मी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं लिहिलं. माझ्या मार्गदर्शक सरांनी तो परत केला. "अंदाज करायला कच कशाला खातेस? एक आकडा दे, तर सही करतो." त्या सहीवर माझी नोकरी अडलीय. मी चिडून गावी, कळंबला निघून आले.

इथे शेताकडे गेले तर तुम्हीच डोळ्यांसमोर. कापणीआधी भावाभावांच्या वाटणीसाठी लोक तुम्हाला बोलावतात, तुम्ही बांधावरून नजर फिरवता आणि सांगून टाकता, "चार खंडी भात हाय." तुमचा शब्द कोणी मोडत नसे. एका वर्षी ओढ्याकाठचं भात कमरेइतकं, हिरवंगार; तिथेही तुम्ही चार खंडी सांगितलेत. मी आत शिरून लोंबी चोळली, तर निम्मे दाणे पोचट. "आप्पा, नक्की नाय सांगता येत," मी म्हणाले. "गप गं! नक्की नाय म्हनणाऱ्याला कोन इचारतो?" झोडणी झाली, भात सांगितल्याच्या निम्मंही भरलं नाही. ज्याच्या वाट्याला ते शेत आलं, त्याने भावाशी बोलणं टाकलं. आजही दोघं एकमेकांच्या दारात जात नाहीत. तुम्ही एवढंच म्हणालात, "पावसानं घात केला." चुकलो, असं एकदाही नाही. तेव्हापासून मी ताकसुद्धा फुंकून पिते, आणि त्यासाठीच आज मला बोलणी खावी लागतायत. राग येतो, आप्पा. तुमचा येतो, सरांचा येतो, आणि ठाम बोलणाऱ्यालाच शहाणा मानणाऱ्या सगळ्यांचा येतो.

पण दमले आहे मी. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते: तुम्ही आत्ता शेजारी उभे राहून "अमुक इतकं हाय, लिही गं" म्हणाला असतात, तर मी मुकाट्याने लिहिलं असतं.