कामास सक्षम

३ मार्च
उद्या विमा कंपनीच्या डॉक्टरकडे तपासणी. डावा पाय ओढतो, पान्हा हातातून निसटतो – पण त्याने कागदावर लिहिलं तरच ते खरं! नाहीतर अपंगत्वाचा विमा विसरा. ही म्हणते, "दाढी करू नका, जरा आजारी दिसा." मला नाही जमणार. शर्टाला इस्त्री केली.

४ मार्च
गाढवपणा केला!
डॉक्टरच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली. आत एक आजी दार बडवतायत. पहारेकऱ्याचं आपलं एकच – "कंपनीला फोन केलाय." सत्तावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस बाकावर गप्प बसेल? पहारेकऱ्याला वर मशीनच्या खोलीत पाठवलं, खालून ओरडून काय काय करायचं ते सांगितलं. दाराची किल्ली अजून खिशातच असते माझ्या. आजी बाहेर आल्या, माझा हात सोडेनात. मागे डॉक्टर उभा. "वा, उस्ताद आहात की!"

तपासणी नऊ मिनिटं. बूटसुद्धा काढायला लावले नाहीत. पायाचं सांगायला लागलो तर म्हणाला, "ते आहे फायलीत."

हिला लिफ्टचं सांगितलेलं नाही.

१९ मार्च
नामंजूर. "अर्जदाराने तपासणीच्या दिवशी स्वतः लिफ्ट दुरुस्त केली. दोन्ही पायांची ताकद तपासली, व्यवस्थित. कामास सक्षम." कुणाचे पाय तपासले? माझे तर बुटात होते!

हिने वाचलं. "लिफ्ट?" एवढंच म्हणाली. मग दिवसभर भांड्यांची आदळआपट.

२० मार्च
ही बोलत नाही.

२२ मार्च
बोलली! "फेरतपासणी मागा." अर्ज तिनेच लिहिला, मी सांगत गेलो. माझं अक्षर हल्ली माझं मलाच लागत नाही. शिव्या तिने गाळल्या.

१५ एप्रिल
फेरतपासणी. या वेळी बाई डॉक्टर. लिफ्टकडे ढुंकूनही बघितलं नाही, मुकाट्याने आत शिरलो.

दीड तास! बूट, मोजे, सगळं काढलं. टाचांवर चाला, चवड्यांवर चाला. पोटरीकडे बराच वेळ बघत राहिल्या, कातडीखाली काहीतरी फडफडत होतं. जीभसुद्धा बाहेर काढायला लावली. "कधीपासून?" – प्रत्येक गोष्ट लिहून घेतली. नसांच्या तपासणीलाही पाठवलं. शेवटी विचारलं, "सोबत कुणी आलंय का?" म्हटलं, भांडायला मी एकटा पुरेसा आहे! त्या हसल्या नाहीत.

पण कुणीतरी नीट बघितलं. इतकं बरं वाटलं की घरी येताना शीळ घालत आलो.

९ मे
मंजूर! पूर्ण, कायमचा. दर वर्षीची तपासणीही नको, असं लिहिलंय. का नको, तेही लिहिलंय. नसांचा आजार, वाढत जाणारा, औषध नाही. हातात साधारण दोन वर्षं.

ही तीनदा वाचून म्हणाली, "बाईंचं चुकलंय काहीतरी."

देवा, तो नऊ मिनिटांवालाच बरोबर निघू दे.