सासूबाईंचं आवळलेलं तोंड

मंगळवार, संध्याकाळ

आज परत तेच. वलगावच्या बाजारात सासूबाई मेथीच्या जुड्यांमागे बसून व्यायाम करत होत्या आणि त्यांचं आवळलेलं तोंड पाहून गिऱ्हाईक भाव न विचारताच पुढे गेलं. खोकताना थेंब जायचे, लुगडं ओलं व्हायचं, म्हणून अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला व्यायाम हा. लघवी रोखतो तशी खालची जागा आत ओढून धरायची, मग सोडायची. तोंड आवळायला कोणी सांगितलं?

पण परवा त्या परतवाड्याला बहिणीकडे एकट्या एसटीने जाऊन आल्या. किती महिन्यांनी! उतरल्या तेव्हा कशा खळखळून हसत होत्या, लुगड्याकडे न पाहता.

म्हणून आज त्यांच्या शेजारी बसून मीही गुपचूप तो व्यायाम सुरू केला. धाकटी झाल्यापासून शिंकले की माझंही तेच होतं. कोणालाच सांगितलं नाही, यांनाही नाही. बाहेरून तर काही दिसत नाही, कळणार कोणाला?

वांगी तोलता तोलता सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाल्या, "तोंड सैल सोड, पोरी. गिऱ्हाईक पळून राह्यलं."