शिट्टी वाजली होती

१४ मार्च, शुक्रवार

टिस्डेलला घेतलं. आपल्या टीमने. ओरिन टिस्डेलला!

चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांसाठी रांग लागली होती. ईस्टरआधीच्या उपासाचा शुक्रवार, मांस बंद, मासे चालतात; माझी बायको रेनाटा कढईपाशी उभी. भिंतीवरच्या टीव्हीवर त्याचा फोटो आला आणि खाली आमचं नाव – एरी फोर्ज. आधी वाटलं चुकून लावलाय. मागच्या टेबलावरचा एक म्हातारा म्हणाला, "चला, आता समोरच्या क्वार्टरबॅकला आडवं करणारा कोणीतरी आला आपल्याकडे." मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. घास गिळून ताटात डोकं घातलं.

सगळ्या गावाला ठाऊक आहे. क्वार्टरबॅकने चेंडू फेकायच्या आत त्याला जमिनीवर लोळवायचं, टिस्डेल एवढं एकच काम करतो आणि त्याचं त्याला सोनं मिळतं. असल्यांना अडवून धरणं हे माझं काम. डावी कड माझी. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याने आमच्या क्वार्टरबॅकला, टोबिनला लोळवलं, तेही शिट्टी वाजल्यावर. शिट्टी वाजली. मी थांबलो. तो थांबला नाही. टोबिनचा पाय मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. टोबिन हारग्रेव्ह त्यानंतर कधी खेळला नाही.

करार संपलेला, मोकळा माणूस. कुठेही गेला असता. आमच्याकडेच यायचं सुचलं!

ताट तसंच ठेवून घरी आलो.

१५ मार्च

टोबिनला फोन केला. पाय गेल्यापासून तो आमच्याच टीमच्या वरच्या मजल्यावर बसतो, खेळाडू निवडायच्या विभागात. म्हटलं, "तू वर बसतोस आणि तुला पत्ता नाही?"

"होता."

"मग बोलला नाहीस कोणाला?"

मग म्हणाला, "कॅझ, उन्हाळ्यापासून तो रोज तुझ्यासमोर उभा असेल. रोज. बघ तुला काय करायचं ते."

आणखी काय स्पष्ट बोलायचं माणसाने! कळलं रे बाबा. तुझ्या पायाचं उट्टं मी काढतो.

१८ मार्च

टिस्डेलची पत्रकार परिषद. आमची जर्सी छातीशी धरून दात दाखवत होता. शेजारी त्याची आई, डोक्यावर जांभळी टोपी. कोणीतरी टोबिनच्या पायाचं विचारलं. म्हणाला, "त्याबद्दल जे बोलायचं ते मी त्याच्याशी बोललोय."

खोटारडा. कधी बोललास? हॉस्पिटलात मी होतो. टोबिनच्या उशाशी बसून या टिस्डेलला अशा शिव्या घातल्या की नर्स आत आली. टोबिन भिंतीकडे तोंड करून पडला होता, बिचारा.

२२ एप्रिल

आजपासून सगळे व्यायामाला. टिस्डेल समोर आला. जवळून आणखीच मोठा दिसतो. हात पुढे केला. मी बुटाची नाडी बांधत राहिलो. तो हात तसाच ठेवून उभा राहिला, मग म्हणाला, "बरं. तुझ्या बायकोच्या पिएरोगीचं, त्या उकडलेल्या करंज्यांचं फार ऐकलंय. टोबिन सांगत होता."

टोबिन सांगत होता!

म्हणजे याने टोबिनच्या घरीसुद्धा उंबरा झिजवलाय. लाळघोटेपणा करून माफी उकळली असणार. टोबिनचा स्वभावच मऊ. माझा नाही.

४ मे

रेनाटाशी भांडण. म्हणाली, "त्या माणसाचं नाव या घरात रोज जेवणाआधी निघतं. देवाचं निघत नाही."

मी म्हटलं, देवाने कोणाचा पाय मोडलेला नाही.

मग ती म्हणाली, "टोबिनने तुला शेवटचं घरी कधी बोलवलं, आठवतंय?" म्हटलं, त्याला जिने चढवत नाहीत, लोकांना तोंड दाखवावंसं वाटत नाही. "टिस्डेलला दाखवावंसं वाटतं की," असं म्हणून भांडी आपटत बसली. बायकांना यातलं काही कळत नाही. (हे तिला वाचायला मिळालं तर माझं काही खरं नाही.)

१९ मे

लेस्टर निवृत्त झाला. आम्ही त्याला यमदूत म्हणायचो. दर ऑगस्टअखेर, खेळाडू कमी करायच्या दिवशी, हा माणूस घसा खाकरत तुमच्या समोर येणार आणि एवढंच म्हणणार – "कोच बोलावतोय. टॅब्लेट घेऊन ये." आमचे सगळे डाव त्या टॅब्लेटमध्ये असतात. तो मागितला की संपलं, घरी जा. केवढाले धिप्पाड गडी त्या एका वाक्याने मटकन खाली बसलेले मी पाहिलेत. लेस्टर बिचारा त्या दिवशी जेवायचा नाही.

आज केक कापला त्याचा. त्याच्या जागी कोण, विचारलं तर म्हणाला, "कोणीतरी स्वतःहून मागून घेतलंय काम."

असलं काम मागून घेणारा माणूस कसल्या मातीचा असेल कोण जाणे.

८ जून

त्याचा गुडघा. डावा. तळ्याकाठी चालताना दुसरं काही डोक्यात नव्हतं.

२७ जून

आमच्यात एक अलिखित कायदा आहे. सामन्यात काय हवं ते करा, सरावात आपल्याच माणसाच्या कमरेखाली जायचं नाही. उभ्याने भिडायचं, छातीला छाती. गुडघा गेला तर माणसाची रोजीरोटी जाते, म्हणून. चोरी करणाऱ्याला लोक पुन्हा जेवायला बोलावतील, पण कमरेखाली गेलेल्याच्या शेजारी कोणी बसत नाही.

टोबिनची रोजीरोटी गेली तेव्हा हा कायदा कुठे होता?

२९ जुलै

आज पहिल्यांदा पूर्ण चिलखत चढवून सराव. तो आणि मी, समोरासमोर, बाकी सगळे गोल करून उभे. मला उभ्याने पाणी पाजायचं होतं त्याला. कायद्याने.

पहिल्या वेळी तो बाहेरून गेला. दुसऱ्या वेळी आतून. तिसऱ्या वेळी माझ्या छातीवर हात ठेवून मला मागे, मागे, मागे रेटत त्या भुशाच्या बाहुल्यापर्यंत नेलं, जिथे क्वार्टरबॅक उभा असतो, आणि बाहुल्याच्या डोक्यावर हळूच टपली मारली.

आमच्या फळीचा कोच बर्डिक ओरडला, "काय रे कॅझ, शिट्टीची वाट बघत होतास काय?"

सगळे खो खो हसले. दोन वर्षं झाली हा विनोद चालू आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हाही मला कळलं नव्हतं यात हसण्यासारखं काय आहे. शिट्टी वाजली होती! वाजली की थांबायचं, हे शाळेतल्या मुलालाही शिकवतात. बर्डिकचं म्हणणं शिट्टी वाजून तिचा आवाज मरेपर्यंत भिडत राहायचं. मी नियमाने वागलो आणि हसं माझंच.

टिस्डेल तेवढा हसला नाही. त्याचा जास्त राग आला.

३० जुलै

पुन्हा तेच. पोर्टरफिल्ड म्हणून एक नवा गडी आहे माझ्या जागेवर डोळा ठेवून. त्याने टिस्डेलला दोनदा अडवलं.

५ ऑगस्ट

जेवताना टिस्डेल ताट घेऊन माझ्यासमोरच येऊन बसला. बाकीच्यांनी काटे खाली ठेवले. म्हणाला, "आपण एकदा बोलून टाकू."

"बोल."

"त्या दिवशी तू एकदम सरळ उभा राहिलास. हात खाली. मला वाटलं काहीतरी डाव आहे, फसवतोय हा म्हातारा. म्हणून जीव खाऊन आलो. टोबिनच्या हातात अजून चेंडू होता, कॅझ."

"शिट्टी वाजली होती."

"मैदानात नाही वाजली. प्रेक्षकांत कोणीतरी वाजवली असेल. तुमचेच दहाजण खेळत होते. पंचांनी माझ्यावर साधा दंडसुद्धा लावला नाही, कारण –"

मी उठलो. ताट त्याच्या अंगावर टाकायचं होतं, पण त्यात घरून आणलेले रेनाटाचे पिएरोगी होते.

प्रेक्षकांत कोणीतरी! म्हणजे टोबिनचा पाय तिकीट काढून आलेल्या कोणा दारुड्याने मोडला. आणि मी काय, बहिरा की मूर्ख? मी ती शिट्टी ऐकली आहे. अजून ऐकू येते. आता तर उट्ट्याखेरीज झोप येणार नाही मला.

९ ऑगस्ट

टोबिन काठी टेकत सराव बघायला आला होता, वरच्या सज्जात. मी हेल्मेट उंचावलं. त्याने नुसतं पाहिलं.

खाली उतरल्यावर गाठला त्याला. म्हटलं, "थोडा धीर धर. होईल तुझं काम." तो म्हणाला, "माझं कुठलं काम?" मी डोळा मारला. त्याच्या शेजारी वरच्या मजल्यावरचे लोक होते, उघड कसा बोलणार बिचारा. जाताना तो एवढंच म्हणाला, "मी वर असतोच. दिसतं सगळं."

१९ ऑगस्ट

केलं.

शेवटचा डाव होता. टिस्डेल बाहेरून वळणार हे मला त्याच्या टाचेवरून कळलं. आयुष्यात इतक्या वेळेवर मी कधीच पोचलो नव्हतो. सगळ्यांना वाटलं छातीला भिडतोय. मी खाली गेलो. खांदा थेट डाव्या गुडघ्यावर. पोत्यासारखा कोसळला.

कोणी माझ्याकडे बघेना. बर्डिकने टोपी काढली, परत घातली. म्हणाला, "जा. आंघोळ कर." एवढंच. टिस्डेल जमिनीवर बसून गुडघा चाचपत होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, "आता तरी बरं वाटलं का?"

वाटलं. का नाही वाटणार? फार बरं वाटलं. जाताना सज्जाकडे पाहिलं आणि टोबिनला अंगठा दाखवला. तो कठड्याला टेकून उभा होता. हसतोय असं वाटलं. इतक्या लांबून नक्की दिसलं नाही.

२१ ऑगस्ट

टिस्डेलचा गुडघा शाबूत. नुसता मुरगळला. आज पळत होता.

माझ्या शेजारची जागा जेवताना रिकामी. पलीकडचीसुद्धा.

२३ ऑगस्ट

रेनाटाला कोणीतरी सांगितलं. तिने माझी उशी बाहेरच्या खोलीत ठेवली.

टोबिनला तीनदा फोन केला. उचलत नाही. कामात असेल, सध्या त्यांची धांदल असते – कोण राहणार, कोण जाणार.

२५ ऑगस्ट

उद्या खेळाडू कमी करायचा दिवस. पोर्टरफिल्डच्या तोंडचं पाणी पळालंय. माझी काळजी मला नाही. इतक्या वर्षांच्या माणसाला एका गुडघ्यापायी काढत नसतात, तेही न मोडलेल्या. फार तर खडसावतील. शिवाय वर टोबिन आहे. ज्याच्यासाठी केलं तो माझ्यासाठी एक शब्द टाकणार नाही?

२६ ऑगस्ट

काठीचा आवाज मी ओळखला. टोबिन! मी उठून उभा राहिलो, म्हटलं, आलास शेवटी. त्याने घसा खाकरला.

"कोच बोलावतोय. टॅब्लेट घेऊन ये."

मी हसलो. तो हसला नाही. म्हटलं, "यमदूत तू झालास?"

"मागून घेतलं. एकाच माणसासाठी. टिस्डेलला आणा म्हणून वर मीच भांडलो होतो, कॅझ. तो तुझ्यासमोर रोज उभा राहिला की तू काय करशील ते मला ठाऊक होतं."

मी म्हटलं, "टोबिन, शिट्टी वाजली होती."

त्याने हात पुढे केला. "टॅब्लेट."