मंचरची बरोबरी

९ जानेवारी २००५, रविवार
मंचरच्या बुद्धिबळ स्पर्धेत शेवटच्या फेरीत माझी जोडी लागली ती सासऱ्यांशीच! पप्पाजींचं रेटिंग दोन हजारांच्या वर, माझं कसंबसं अठराशे — तेही लग्नाआधी नगरला मिळवलेलं. घरी आम्ही कधी खेळलो नव्हतो. त्यांनी कधी म्हटलं नाही, मीही नाही.

शेवटी त्यांच्याकडे हत्ती आणि एक प्यादं, माझ्याकडे नुसता हत्ती. मी मागून शह देत राहिले, ते राजा हलवत राहिले. हॉल रिकामा झाला, खुर्च्या आवरायला लागले. मग त्यांनी हात पुढे केला. "बरोबरी."

एसटीत जुन्नर येईपर्यंत पप्पाजी खिडकीबाहेर बघत राहिले.

१० जानेवारी
खाली आमच्या दुकानात पप्पाजींना चहा घेऊन गेले. पिंपरी पेंढारचे भिमाजी लुगडी बघत बसले होते. "लालचंदशेठ, सुनंला बरोबरी देऊन टाकली म्हणं. लई मोठं मन लागतं राव."

पप्पाजी नुसते हसले. नाही म्हणाले नाहीत.

१२ जानेवारी
त्या डावात पप्पाजींकडे आणखी एक प्यादं होतं. मधेच फुकट गेलं. मुद्दाम सोडलं का? पोळ्या लाटताना तेच डोक्यात.

नवऱ्याला सांगितलं, तर प्रितम म्हणतो, "दिली असली बरोबरी तर काय बिघडलं? घरातच आहे ना?"

बिघडलं. ह्याला कसं सांगू.

१३ जानेवारी
माहेरून आणलेला पट माळ्यावर टाकला.

१६ जानेवारी
शेवटी विचारलं. पप्पाजी जेवून हात पुसत होते. "ते प्यादं तुम्ही मुद्दाम सोडलंत?"

हात पुसून झाले. मग म्हणाले, "नाही सिद्धी. तुझा हत्ती तिथे येतोय हे दिसलंच नाही मला."

"मग भिमाजींना तसं का नाही सांगितलं?"

"सांगायला पाहिजे होतं." टॉवेलची घडी घालत राहिले. "लोक चांगलं म्हणत होते. ऐकायला बरं वाटलं, म्हणून बोललो नाही."

सासूबाई ताटं उचलायच्या थांबल्या. राग होता, तो कुठे गेला कळलं नाही.

१८ जानेवारी
दुकान बंद झाल्यावर पप्पाजींनी स्वतः माळ्यावरून पट काढला. खेळलो. पार धुव्वा उडवला माझा — एक प्यादं सोडलं नाही. आठवड्यात पहिल्यांदा मी पोटभर जेवले.