अक्रोडाचा भुसा

मंगळवार, ता. ९

ती. वहिनींना,

नमस्कार. गुडघे कसे आहेत? जिने चढू नका म्हणावं तर लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, तुम्ही तरी काय करणार! इकडे सगळे मजेत. हिने तुमच्यासाठी लोकरीचे मोजे विणायला घेतलेत. एक झालाय. दुसरा कधी होईल ते तिलाच ठाऊक, तोवर एकच पाय थंडीत बाहेर काढा.

आता बातमी. बसून वाचा. मी घोडा घेतोय.

हसा खुशाल. सुताराच्या घरी आजवर फक्त लाकडी घोडे झाले, तेही लोकांच्या पोरांसाठी. "वय झालं की कुणी चष्मा घेतं, कुणी काठी घेतं, आमच्याकडे घोडा घेतात," असं ही गल्लीभर सांगत फिरतेय. हौसेला मोल नसतं म्हणतात. नसतं तेच बरं, कारण खिशातही काही नाही. घोडा म्हातारा आहे म्हणून जवळजवळ फुकटात पडतोय. खर्च आहे तो त्याच्या घराचा.

कारखान्यामागची लाकडांची शेड रिकामी केली. दार एका बंद पडलेल्या गिरणीतून आणलं. पाण्यासाठी कुणीतरी भंगारात काढलेला आंघोळीचा टब मिळाला. तो बोल्टांनी भिंतीशी पक्का आवळलाय, कारण पिण्याआधी पुढचा पाय पाण्यात घालून धबाधबा उडवायची त्याला खोड आहे. वाळल्या गवताचं दूधवाल्याशी ठरलं: मी त्याच्या गोठ्याची दारं दुरुस्त करायची, त्याने गवत पोचवायचं. नालबंदाला एक कपाट हवंय, तेव्हा तिथेही भागलं. आणि अंथरायला तर घरचंच! सध्या काळ्या अक्रोडाच्या कपाटांचं मोठं काम चाललंय. रंध्याखाली रोज पोतंभर मऊ भुसा पडतो. तोच गुडघाभर पसरून ठेवलाय. मी स्वतः त्यावर आडवा होऊन बघितलं. डुलकी लागली.

घोड्याला उभं राहायचा खण मात्र मोठा ठेवला. शेजारी म्हणाला, यात दोन घोडे मावतील. मावू देत. घोडा फिरला, बिथरला, तर आतल्या माणसाला बाजूला सरायला जागा हवी. आणि छत कौलारू केलं. पत्रा कितीतरी स्वस्तात झाला असता. सगळीकडे काटकसर केली, छतावर नाही केली.

तुम्ही तीस वर्षं घोडे राखणाऱ्या मोतद्दाराच्या घरात काढलीत. मला रंधा कळतो, घोडा कळत नाही. दार आत उघडणारं असावं की बाहेर? एकट्या घोड्याला करमतं का? दादा असता तर त्यालाच विचारलं असतं. असो.

एकवीस तारखेला, रविवारी दुपारी तो येईल. त्याआधी तुमचं उत्तर यावं असं वाटतं. नको म्हणायचं असेल तर तेही लिहा. मी ऐकेन.

तुमचा धाकटा दीर

ता. क. घोडेस्वारीची शाळा बंद झाली, तुम्हाला कळलं असेल. तरणे घोडे लोकांनी नेले. म्हातारा एकच उरला. म्हाताऱ्या घोड्याला न्यायला कोण येतं ते तुम्हाला माहीत आहे.

*

शनिवार, ता. २०

भावोजी,

नमस्कार-चमत्कार नंतर. आधी उठा आणि शेडमधला भुसा काढा. सगळा. खालची जमीन झाडा, धुवा, कोपऱ्यातसुद्धा चिमूटभर ठेवू नका. काळ्या अक्रोडाच्या भुशात घोडा एक रात्र उभा राहिला तरी पाय सुजतात, खुरं आतून पेटतात आणि मग त्याला उभं राहवत नाही. तुम्ही परगावी काम शिकत होता तेव्हा शाळेत एकदा असाच फुकटचा भुसा आला होता. एक घोडी त्यात गेली. हे तिच्या पायांवर गार पाणी ओतत बसून राहिले, जेवायलाही घरी आले नाहीत. देवदाराचा भुसा चालतो. नाहीतर सरळ पेंढा टाका.

हे पत्र टपालात टाकत नाही. दुपारच्या बसच्या कंडक्टरजवळ देतेय, म्हणजे संध्याकाळी तुमच्या हातात पडेल. फोन करता आला असता, पण फोनवर मला बोलता आलं नसतं.

काढलात? मग आता पुढचं वाचा.

दार बाहेर उघडणारं हवं. घोडा दाराला टेकून आडवा झाला तर तुम्ही आत कसे जाणार? सुताराला हे मी सांगायचं म्हणजे कमालच झाली. एकट्या घोड्याला करमत नाही, तो खाणं सोडतो. दूधवाल्याकडून एखादी भाकड शेळी मागून घ्या. दोघं एकमेकांना धरून राहतील.

तुम्ही एवढं लांबलचक लिहिलंत आणि घोड्याचं नाव तेवढं लिहिलं नाहीत. घोडा घेणारा माणूस आधी नाव सांगतो, मग रंग, मग भाव. तेव्हाच म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. मग टबाची ओळ आली. पाय घालून पाणी उडवणारा घोडा त्या शाळेत एकच होता. ह्यांची गुडघ्यापर्यंत भिजलेली पॅन्ट मी वीस वर्षं धुतली. रोज हसत यायचे, "आज पाणकोंबड्याने पुन्हा आंघोळ घातली गं."

आणि मग कौलं. ती ओळ वाचली आणि पत्र मिटून ठेवलं. वादळात शाळेचा पत्रा उडाला, पाणकोंबडा बिथरला, आणि त्या अरुंद खणात भिंत आणि घोडा यांच्यामध्ये चिरडून हे गेले. सगळे म्हणाले, मुक्या जनावराची काय चूक. तुम्हीसुद्धा म्हणालात, त्याच दिवशी. मला त्यानंतर तुमचं तोंड बघवेना. म्हणून गुडघ्यांचं निमित्त करून लेकीकडे आले. गुडघे दुखणारी बाई तिसऱ्या मजल्यावर राहायला कशाला जाईल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही!

आता जे लिहायला हात उचलत नाही ते लिहिते. तुमचं पत्र मला गेल्या आठवड्यातच मिळालं होतं. भुशाची ओळ मी पहिल्याच वाचनात पाहिली. पत्र पिठाच्या डब्यामागे सारलं आणि गप्प बसले. मनाशी म्हणायची, मी कुठे काय करतेय? मी फक्त लिहीत नाहीये. पाय त्याचे जातील, रडाल तुम्ही, आणि मला कुणी विचारायला येणार नाही. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना हेच चालायचं. भावोजी, मला ते हवं होतं. मनापासून हवं होतं.

आज सकाळी मोरी तुंबली. जावई ती साफ करून बाहेर आले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली. कपडे बदलून म्हणाले, "आई, ही धुवायला टाकू ना?" मी ती हातात घेतली आणि तिथेच खाली बसले. त्या घोडीच्या पायांशी बसलेले हे डोळ्यांसमोर आले. माझ्या मनातलं कळलं असतं तर ह्यांनी काय केलं असतं? रागावले नसते. माझ्याकडे एकदा बघितलं असतं, आणि बादली उचलून निघून गेले असते. ते बघणं मला सोसलं नसतं. लेक पाणी घेऊन धावत आली. तिला म्हटलं, पाणी नको, कागद आण.

त्याला मी माफ केलेलं नाही. तसं लिहिलं तर खोटं होईल. पण तो खाटकाकडे जायचा नाही, आणि त्या भुशात तर पाऊल टाकायचा नाही. आणा त्याला. पत्रा उडाल्यापासून तो दचकत असणार. आत शिरण्याआधी बाहेरूनच नावाने हाक मारा, आणि मग थोडं थांबा. हेही तसंच करायचे.

ह्यांचा घोडे घासायचा खरारा माझ्याजवळ आहे. इकडे येताना पिशवीत घातला तो अजून तसाच आहे. दातांत त्याचे तपकिरी केस अडकलेत. ते मी काढले नाहीत आणि खरारा टाकूनही दिला नाही. का, ते मला विचारू नका. तो मी कंडक्टरजवळ देणार नाही. उद्या पहिल्या बसने स्वतः घेऊन येते. कारखान्याच्या पायरीवर बसेन. शेडकडे आपण होऊन गेले तर गेले, मला कुणी चला म्हणायचं नाही. माझ्या धाकट्या जावेला सांगा, झालाय तो मोजा काढून ठेव, पाय गारठलेत.

आणि भावोजी, टब काठोकाठ भरून ठेवा.

पाणकोंबड्याने भिजवलेले कपडे वीस वर्षं धुतलेली,
तुमची वहिनी