दुसरं हँडल

रविवार, संध्याकाळ

विश्रामबागच्या दुकानात आज बेस गिटारसाठी हलका अ‍ॅम्प बघितला. घरच्या सरावाला, छोट्या कार्यक्रमांना पुरेल. आवाजही बरा. मग का नाही घेतला?

माझ्या जुन्या अ‍ॅम्पच्या धुडाला दोन्ही बाजूंना हँडल. एक माझं, दुसरं दिलीपचं. तो आमच्या बँडचा ड्रमवाला, पण स्वतःच्या ड्रमआधी माझा अ‍ॅम्प उचलायचा. "उचल रं गड्या, लय जड हाय," म्हणत शिव्याही घालायचा. त्याला जाऊन चार महिने झाले.

दुकानदार म्हणाला, "उचलून तर बघा." मी सवयीनं एका बाजूला वाकलो आणि थांबलो. दुसरी बाजू कुणासाठी सोडली?

"आवं, एका हातानं उचलतंय की!" दुकानदार हसला.

खरंच उचलला. त्याला हँडल एकच होतं. तसाच खाली ठेवून आलो.